क्वांटम डिजिटल स्वाक्षरी : पडताळणी नेमकी कोणी करायची?

अधोरेखित (धागालेखक)

डिजिटल स्वाक्षरीची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ती कोणाला बनावट करता येईल का? क्वांटम संगणकांच्या बातम्या येऊ लागल्यापासून हा प्रश्न अधिकच विचारला जातो आणि त्याच ओघात 'क्वांटम डिजिटल स्वाक्षरी' हे नाव कानावर पडते. ऐकणाऱ्याचा साहजिकच असा समज होतो की आपण आज वापरतो त्याच स्वाक्षरीची ही अधिक भक्कम आवृत्ती असावी आणि उद्या सातबाऱ्याच्या पीडीएफवरची जुनी स्वाक्षरी काढून तिच्या जागी ही नवी बसवली की काम भागेल. हा समज का टिकत नाही, ते या धाग्यात मांडायचे आहे. माझ्या मते दोहोंतला खरा फरक बनावटीच्या अवघडपणात नाही. स्वाक्षरी कोणाला तपासता येते आणि कधीपर्यंत तपासता येते, यात तो आहे.

आधी आजची पद्धत थोडक्यात पाहू. स्वाक्षरी करणाऱ्याकडे एक खासगी किल्ली असते आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली सगळ्यांना ठाऊक असते. दस्तऐवजाचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून त्यावर खासगी किल्लीने गणिती प्रक्रिया केली की जो मोठा आकडा हाती येतो तीच स्वाक्षरी. सार्वजनिक किल्ली जवळ असलेल्या कोणालाही ती जुळते की नाही हे पाहता येते. १९७७ साली मांडल्या गेलेल्या आरएसए पद्धतीची भिस्त मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर आहे, तर इलिप्टिक कर्व्हच्या पद्धतींची भिस्त वेगळ्या, पण तितक्याच किचकट गणितावर आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हाती आला तर ही दोन्ही गणिते आवाक्यात येतात, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. तसा संगणक अजून कोणी बांधलेला नाही. तरीही ही गणिते कायम अवघडच राहतील याची सिद्धता कोणाजवळही नाही आणि सगळा डोलारा त्याच अपेक्षेवर उभा आहे.

अशा कोणत्याही अपेक्षेवर न विसंबता संदेशाची खात्री पटवण्याची एक जुनी पद्धत मात्र उपलब्ध आहे आणि तिचा क्वांटमशी काहीही संबंध नाही. वेगमन आणि कार्टर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत कागदावर सोडवून पाहण्याजोगी आहे. समजा, अ आणि ब यांच्यात दोन गुप्त आकडे आधीच ठरलेले आहेत : ५ आणि ६०. अ ला १७, ४२, ८ असा तीन तुकड्यांचा संदेश पाठवायचा आहे. तो पहिल्या तुकड्याला ५ ने, दुसऱ्याला ५ च्या वर्गाने आणि तिसऱ्याला ५ च्या घनाने गुणतो. ८५, १०५० आणि १००० यांची बेरीज २१३५ होते, त्यात ६० मिळवले की २१९५ होतात आणि त्याला १०१ या मूळ संख्येने भागल्यावर ७४ बाकी उरते. ही ७४ म्हणजे संदेशाचा टॅग, आणि तो संदेशाबरोबर उघडपणे जातो. वाटेत कोणी ४२ चे ४३ केले तर योग्य टॅग ७४ ऐवजी ९९ व्हायला हवा. पण तो २५ ने वाढवायचा हे कळण्यासाठी पहिला गुप्त आकडा माहीत असावा लागतो. तीन तुकड्यांच्या संदेशात कसाही फेरफार केला तरी बनावट टॅग बरोबर निघण्याची शक्यता १०१ मध्ये जास्तीत जास्त ३ इतकीच राहते. व्यवहारात १०१ च्या जागी शंभराहून अधिक बिटांची मूळ संख्या घेतात, त्यामुळे ही शक्यता नगण्य होते. हल्लेखोराकडे कितीही मोठा संगणक असला, अगदी क्वांटम संगणक असला, तरी त्याला याचा उपयोग नाही. कारण इथे सोडवण्यासारखे कोडेच नाही, केवळ अंदाज बांधणे उरते. दुसरा आकडा, म्हणजे ६०, प्रत्येक संदेशासाठी नवा घ्यावा लागतो, एवढे पथ्य मात्र काटेकोरपणे पाळायला हवे.

इतके सगळे असूनही ७४ हा आकडा स्वाक्षरी ठरत नाही. ब जवळही तेच दोन गुप्त आकडे आहेत, त्यामुळे त्याला हवा तो संदेश तयार करून त्यावर बिनचूक टॅग लावता येतो. उद्या क समोर जाऊन ब ने सांगितले की 'अ ने मला हे लिहून दिले आहे', तर क ने त्यावर विश्वास ठेवायला काहीही आधार नाही. संदेश वाटेत बदलला गेला नाही एवढी ब ची स्वतःची खात्री पटते. तिसऱ्याला ती पटवून देता येत नाही आणि अ लाही आपले लिखाण सहज नाकारता येते. संदेशाचे प्रमाणीकरण आणि स्वाक्षरी यांच्यातली सीमारेषा नेमकी इथे आहे. क्वांटम स्वाक्षरीला जे साधायचे आहे ते या रेषेच्या पलीकडचे आहे आणि तेही कोणत्याही गणिती अपेक्षेशिवाय.

या कल्पनेचे मूळ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७९ च्या एकवेळच्या स्वाक्षरीत सापडते. तिथे 'हो' साठी एक आणि 'नाही' साठी एक असे दोन गुप्त आकडे निवडून त्यांचे हॅश आधी जाहीर करतात. 'हो' म्हणायची वेळ आली की 'हो' चा गुप्त आकडा उघड करायचा, म्हणजे कोणीही त्याचा हॅश काढून ताडून पाहू शकतो. डॅनियल गॉट्समन आणि आयझॅक चुआंग यांनी २००१ मध्ये यातल्या हॅशच्या जागी क्वांटम अवस्था, म्हणजे फोटॉनासारख्या (प्रकाशकणासारख्या) सूक्ष्म कणांची स्थिती, घातली. n क्यूबिटांच्या (क्वांटम बिटांच्या) अवस्थेतून मोजमाप करून n बिटांहून अधिक माहिती निघू शकत नाही, हे होलेव्हो यांनी १९७३ मध्ये सिद्ध केलेले होते. तेव्हा बरीच लांब गुप्त बिटमाला थोड्याच क्यूबिटांत बसवली तर ती अवस्था हाती पडलेल्याला मूळ माला काढता येत नाही, आणि हा अडथळा संगणकाच्या मर्यादेचा नसून निसर्गनियमाचा आहे.

पण याच ठिकाणी सार्वजनिक किल्लीचे सार्वजनिकपण संपते. अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल काढता येत नाही, म्हणून किल्लीची प्रत्येक प्रत स्वाक्षरी करणाऱ्यानेच तयार करून द्यावी लागते. शिवाय प्रती फार वाटल्या तर त्या सगळ्या गोळा करून कोणी गुप्त माला काढू शकतो, म्हणून त्यांची संख्याही आधीच मर्यादित ठेवावी लागते. संकेतस्थळावर ठेवून द्यावी आणि ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी, अशी ही किल्ली नव्हे.

निरंक

मांडणी आवडली. माझी शंका एवढीच की क्वांटम अवस्था जपून ठेवायला जी स्मृती लागते ती तर सेकंदाचा काही अंशच टिकते असे वाचले आहे. स्वाक्षरीची पडताळणी सहा महिन्यांनी करायची झाली तर ती किल्ली तोवर कुठे ठेवायची? आणि दोघांत जे साधत नाही ते तिघांत कसे साधते, तेही जरा उलगडून सांगावे.

प्रकाशतंतू

निरंक यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो, कारण या क्षेत्राची पहिली दहा-बारा वर्षे त्याच अडचणीत गेली. २००६ मध्ये अँडरसन, कर्टी आणि येक्स यांनी एकेका क्यूबिटाऐवजी लेसरचे क्षीण स्पंद वापरून त्यांची तुलना आरसे आणि प्रकाशविभाजकांच्या साहाय्याने करण्याची युक्ती सुचवली. त्या धर्तीवरचा पहिला प्रयोग एडिनबर्गच्या हेरियट-वॉट विद्यापीठात झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अंतर खोलीभराचेच होते. २०१४ मध्ये डुन्को, वॉल्डन आणि अँडरसन यांनी स्मृतीची गरजच काढून टाकली : अवस्था साठवून ठेवण्याऐवजी ती हाती पडताच मोजायची आणि मोजमापाचा निकाल साध्या बिटांच्या रूपात नोंदवून ठेवायचा. निकाल अपुरा असतो, पण तो सहा महिनेच काय, हार्ड डिस्कवर कितीही वर्षे राहतो.

त्यानंतर अंतरे भराभर वाढली, कारण लागणारी उपकरणे किल्लीवाटपाच्या, म्हणजे फोटॉन पाठवून दोघांत गुप्त किल्ली तयार करण्याच्या (क्यूकेडीच्या), उपकरणांहून वेगळी उरली नाहीत. जपानमध्ये प्रत्यक्ष अंथरलेल्या ९० किलोमीटर फायबरवर २०१६ मध्ये हे करून दाखवले गेले आणि २०१७ मध्ये चीनमधल्या गटाने १०२ किलोमीटरचा टप्पा गाठला. आपल्याकडे डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या फायबरवर किल्लीवाटप केले होते. तत्त्वतः तशाच जोडण्यांवर स्वाक्षरीचा पहिला टप्पा पार पाडता येतो.

अंतराची अडचण मात्र कायम आहे. चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो; म्हणजे १०० किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोचतो आणि ३०० किलोमीटरवर दहा लाखांतला एक. नेहमीच्या दूरसंचारात मध्ये अँप्लिफायर बसवून हे निस्तरता येते. इथे तो बसवता येत नाही, कारण त्याने केलेली वाढ म्हणजे शेवटी नक्कलच.

अधोरेखित (धागालेखक)

प्रकाशतंतू यांचे आभार. आता तिघांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण या विषयातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे आणि तो सावकाश पाहण्यासारखा आहे.

अमिरी, वॉल्डन, केंट आणि अँडरसन यांची २०१६ ची पद्धत घेऊ. अ हा स्वाक्षरी करणारा. ब आणि क हे ती स्वीकारणारे. पुढे कधीतरी 'हो' किंवा 'नाही' असा एका बिटाचा संदेश द्यायचा आहे असे धरू. दोन्ही उत्तरांसाठी वेगवेगळ्या माला तयार व्हाव्यात म्हणून अ प्रथम ब शी आणि मग क शी फोटॉनांची देवाणघेवाण करतो. किल्लीवाटपात यानंतर चुका दुरुस्त करून दोन्हीकडच्या बिटमाला तंतोतंत सारख्या केल्या जातात. इथे ते मुद्दाम करत नाहीत. त्यामुळे ब जवळची माला अ च्या मालेशी बहुतांशी जुळते, पूर्ण जुळत नाही. वाटेत कोणी डोकावले असेल तर त्याच्याजवळची माला याहून अधिक चुकलेली असते, आणि किती चुकलेली असायला हवी याचा हिशेब भौतिकीच्या नियमांवरून मांडता येतो.

आता कळीची पायरी येते. ब आणि क आपापल्या मालेतले निम्मे बिट यदृच्छेने निवडून एकमेकांना गुप्तपणे देतात आणि कोणते दिले हे अ ला अजिबात कळू देत नाहीत. म्हणजे प्रत्येकाजवळ स्वतःचा अर्धा भाग आणि दुसऱ्याकडून आलेला अर्धा भाग असतो. स्वाक्षरीची वेळ आली की अ संदेशाबरोबर त्या उत्तराची आपली सगळी माला उघड करतो. ब ती आपल्या दोन्ही अर्ध्या भागांशी ताडून पाहतो आणि न जुळणाऱ्या बिटांचे प्रमाण एका कडक मर्यादेच्या आत असेल तरच संदेश स्वीकारतो. पुढे तोच संदेश क कडे गेला की क देखील तशीच तपासणी करतो, पण त्याची मर्यादा थोडी सैल असते.

मर्यादा दोन का असाव्यात? अ ला नंतर हात झटकायचे असतील तर ब ने स्वीकारलेली आणि क ने नाकारलेली अशी स्वाक्षरी त्याला तयार करावी लागेल. त्यासाठी क च्या वाट्याला अधिक चुका आणि ब च्या वाट्याला कमी चुका जायला हव्यात. पण कोणता बिट कोणाकडे आहे हेच त्याला ठाऊक नसल्याने त्याने मुद्दाम घातलेल्या चुका दोघांत जवळपास सारख्या वाटल्या जातात; ब च्या कडक चाळणीतून जे सुटते ते क च्या सैल चाळणीत अडकण्याची शक्यता माला जितकी लांब तितकी घातांकी वेगाने घटते. उलट, ब ला बनावट स्वाक्षरी करायची असेल तर क ने स्वतःजवळ राखलेला अर्धा भाग त्याला माहीत नाही. तिथे त्याच्या चुका सैल मर्यादेच्याही बाहेर जातात. सगळी रचना एका क्रमावर उभी आहे : प्रामाणिक देवाणघेवाणीतला चुकांचा दर सर्वांत कमी, त्यावर ब ची मर्यादा, त्यावर क ची मर्यादा आणि सर्वांत वर लबाडाचा चुकांचा दर. फायबरमधल्या गोंगाटामुळे पहिला आणि शेवटचा दर एकमेकांच्या जवळ सरकले की मधल्या दोन मर्यादांना जागाच उरत नाही आणि स्वाक्षरी अशक्य होते.

उघड केलेली माला पुन्हा वापरता येत नाही आणि न वापरलेल्या उत्तराची मालाही टाकून द्यावी लागते. एका 'हो' साठी हजारो, प्रसंगी लाखो बिट खर्ची पडतात.

बेरीज_वजाबाकी

हा खर्च पाहता सुरुवातीची काही वर्षे हा विषय प्रयोगशाळेबाहेर का गेला नाही ते कळते. एका पानाचा करारही या दराने सही करता येणार नाही.

यावरचा ठोस उपाय नानजिंग विद्यापीठातल्या यिन आणि चेन यांच्या गटाने शोधला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर धागालेखकांनी सोडवून दाखवलेले १०१ चे उदाहरण ज्या कुळातले आहे त्याच कुळातला हॅश ते वापरतात, पण किल्ली अशी वाटतात की ब ची किल्ली आणि क ची किल्ली यांची बिटवार (हातचा न घेता) बेरीज केली की अ ची किल्ली तयार व्हावी. एकट्या ब ला किंवा एकट्या क ला अ ची किल्ली कळत नाही. अ आपल्या किल्लीने दस्तऐवजाचा टॅग काढून तो ब ला देतो. ब दस्तऐवज, टॅग आणि आपली किल्ली क कडे पाठवतो. क आपली किल्ली ब ला कळवतो. आणि मग दोघेही बेरीज करून टॅग तपासतात. टॅग आणि दस्तऐवज आपल्याजवळ पोचेपर्यंत क आपली किल्ली सोडत नाही, म्हणून ब ला मध्ये काही बदलता येत नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार ३८४ बिटांच्या किल्लीत २ च्या ६४ व्या घाताइतक्या लांबीपर्यंतच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी होते आणि फसवणूक यशस्वी होण्याची शक्यता १० च्या १९ व्या घातात १ इतकी राहते. म्हणजे खर्चाचा प्रश्न बराचसा मिटला आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही पद्धत नीट पाहिली तर किल्ल्या वाटून झाल्यावर पुढचे सगळे काम साध्या बिटांचे आहे, त्यात क्वांटम म्हणावे असे काही उरत नाही. गणिती अपेक्षांवर न विसंबणारी स्वाक्षरी चॉम आणि रोयाकर्स यांनी १९९० मध्येच मांडली होती. तिला सहभागी लोकांमध्ये गुप्त संपर्काची सोय लागते एवढेच. मग 'क्वांटम स्वाक्षरी' म्हणजे जुनीच स्वाक्षरी आणि तिला किल्ल्या पुरवणारी क्वांटम यंत्रणा, असे का म्हणू नये?

अधोरेखित (धागालेखक)

तसे म्हणायला माझी हरकत नाही. २०१५ पासून या क्षेत्रातले लोकही आपल्या पद्धतींची तुलना त्या जुन्या पद्धतींशी करत आले आहेत. वर सांगितलेल्या २०१६ च्या पद्धतीत मात्र एक फरक उरतो : चुका दुरुस्त करून परिपूर्ण किल्ली काढता येत नाही इतक्या गोंगाटाच्या जोडणीवरही काही वेळा स्वाक्षरी साधते. फरक लहान आहे, पण खरा आहे.

मुखत्यार

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण मूळ प्रश्न सातबाऱ्यापासून सुरू झाला आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ३ मध्ये डिजिटल स्वाक्षरीची पद्धतच सांगून ठेवलेली आहे : असममित किल्ल्यांची (खासगी-सार्वजनिक जोडीची) प्रणाली आणि हॅश फंक्शन. त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये असे म्हटले आहे की स्वाक्षरीकर्त्याची सार्वजनिक किल्ली वापरून कोणत्याही व्यक्तीला तो अभिलेख पडताळता येतो. या धाग्याचा सगळा विषय या एका तरतुदीशी येऊन भिडतो. तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शेतकरी महाभूमीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतो; तो पीक कर्जासाठी बँकेत जातो, वाटणीच्या दाव्यात न्यायालयात जातो, जमीन घेऊ पाहणाऱ्याच्या वकिलाकडे जातो. स्वाक्षरी करताना तलाठ्याला यांतला एकही माणूस ठाऊक नसतो. खरेदीदार तर कदाचित तेव्हा जन्मलेलाही नसतो. धागालेखकांनी वर्णन केलेल्या पद्धतीत या प्रत्येकाने स्वाक्षरीच्या आधीच तलाठ्याशी फोटॉनांची देवाणघेवाण करून ठेवायला हवी, हे उघडच अशक्य आहे.

मला ही स्वाक्षरी पंचनाम्यासारखी वाटते. जे पंच जागेवर हजर होते त्यांच्यापुरता तो पक्का असतो. नंतर आलेल्याला पंचांच्या सांगण्यावरच भरवसा ठेवावा लागतो.

२००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३अ मुळे इतर इलेक्ट्रॉनिक स्वाक्षऱ्यांनाही दार उघडे आहे, पण ती पद्धत विश्वसनीय ठरून दुसऱ्या अनुसूचीत नमूद व्हावी लागते. आधारवर आधारलेली ई-साइन त्याच मार्गाने आली. क्वांटम स्वाक्षरी उद्या त्या दाराशी आली तर स्वाक्षरीनंतरचा कोणताही बदल ओळखता येणे यासारख्या अटी ती पूर्ण करू शकेल असे वाटते. न्यायाधीशाला ती स्वतः पडताळता येणार नाही, ही अडचण मात्र शिल्लक राहते. त्याला ब आणि क यांची साक्षच काढावी लागेल.

निरंक

मग सातबाऱ्याचे काय करायचे? शोर यांची पद्धत प्रत्यक्षात आली तर आजच्या सगळ्या स्वाक्षऱ्या एका रात्रीत निकामी होतील का?

बेरीज_वजाबाकी

त्याचे उत्तर क्वांटम स्वाक्षरीत नाही, क्वांटम संगणकालाही अवघड वाटणाऱ्या गणितात आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी अशा दोन स्वाक्षऱ्यांची मानके जाहीर केली. फिप्स २०४ या क्रमांकाच्या मानकातली एमएल-डीएसए ही जालकांच्या (अनेक मितींतल्या बिंदूंच्या जाळ्यांच्या) गणितावर आधारलेली आहे आणि फिप्स २०५ मधली एसएलएच-डीएसए केवळ हॅशवर. या दुसरीचे मूळही लॅम्पोर्ट यांच्या १९७९ च्या स्वाक्षरीतच आहे, ही गोष्ट मला फार रंजक वाटते : एका फांदीने हॅशच्या जागी क्वांटम अवस्था घेतली आणि दुसरीने हॅश तसाच ठेवून एकवेळच्या किल्ल्यांची झाडासारखी उतरंड रचली. दुसऱ्या फांदीला कोणताही फायबर लागत नाही आणि तिची सार्वजनिक किल्ली कोणालाही उतरवून घेता येते. किंमत आकारात मोजावी लागते. आजची इलिप्टिक कर्व्हची स्वाक्षरी ६४ बाइटांत मावते, एमएल-डीएसएची सर्वांत लहान स्वाक्षरी २४२० बाइटांची आहे आणि एसएलएच-डीएसएची ७८५६ बाइटांची. पीडीएफमध्ये हे सहज खपते. ओळखपत्रावरच्या लहानशा क्यूआर कोडमध्ये ते बसवणे जिकिरीचे ठरेल.

जुन्या स्वाक्षऱ्यांविषयी म्हणाल तर धोका मागील तारखेच्या बनावटीचा आहे. उद्या आरएसए मोडले तर कोणीही २०२० सालचा म्हणून नवाच उतारा तयार करून त्यावर 'अस्सल' स्वाक्षरी लावू शकेल आणि मग खरा कोणता आणि खोटा कोणता हे स्वाक्षरीवरून ठरणार नाही. म्हणून आजवरच्या अभिलेखांचे हॅश काढून, आरएसए मोडण्याच्या आधीच नव्या पद्धतीच्या कालमुद्रेत (टाइमस्टॅम्पमध्ये) बांधून ठेवणे आवश्यक आहे. हॅशना क्वांटम संगणकाचा तितका धोका नाही. ग्रोव्हर यांच्या पद्धतीने शोधाचे काम वर्गमुळाइतके उतरते, पण हॅशची लांबी वाढवली की ते भरून निघते. भूमी अभिलेखांसारख्या पिढ्यान्‌पिढ्या टिकवायच्या कागदांना नव्या स्वाक्षरीइतकीच या कामाचीही निकड आहे, असे माझे मत आहे.

मुखत्यार

बेरीज_वजाबाकी यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. दाव्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार उपसावा लागतो, हे दिवाणी न्यायालयात रोजचेच आहे.

प्रकाशतंतू

चर्चा क्वांटम स्वाक्षरीला निकालात काढण्याकडे झुकते आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पडताळणारे सगळे आधीच ठाऊक असतात असे व्यवहार थोडेथोडके नाहीत. आपसांत दररोज मोठ्या रकमांचे हिशेब मिटवणाऱ्या बँका, वीजवाहिन्यांचे नियंत्रण कक्ष, लष्करी तळ, ही सारी मंडळी ठरलेली असतात, एका शहरात किंवा शहरांच्या साखळीत असतात आणि त्यांना फायबर अंथरणे परवडते. अशा ठिकाणी 'मी हा आदेश दिलाच नव्हता' असे कोणी म्हणू नये, याला मोल आहे. सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये दळणवळणाचे केंद्र आयआयटी मद्रासकडे आणि सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे आहे. तिथे उभारल्या जाणाऱ्या जाळ्यांवर किल्लीवाटपाबरोबर स्वाक्षरीचाही विचार व्हायला हवा असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी क्वांटम किल्लीवाटपाची कल्पना डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूरुच्या परिषदेत मांडली, तेव्हापासून तिच्यातली एक अट कायम आहे : फोटॉनांव्यतिरिक्त जे उघड संभाषण होते त्याचे प्रमाणीकरण झालेले असले पाहिजे. ते नसेल तर मध्ये बसलेला लबाड दोन्हीकडे समोरचा पक्ष म्हणून वावरू शकतो. हे काम बहुधा वेगमन-कार्टर पद्धतीनेच करतात आणि त्यासाठी लहानशी गुप्त किल्ली सुरुवातीलाच हातोहात द्यावी लागते. अमेरिकेची एनएसए ही गुप्तवार्ता आणि संकेतसुरक्षा संस्था किल्लीवाटपाची शिफारस करत नाही, त्यामागच्या कारणांत हे एक कारण प्रमुख आहे. क्वांटम स्वाक्षरीलाही हीच अट लागू आहे, कारण तिचा पाया तोच आहे.

निरंक

तिघांचे समजले. बँका मात्र तीन नसतात. दहा-वीस जण असले आणि त्यांतल्या काहींनी 'स्वाक्षरी जुळते' म्हटले आणि काहींनी 'जुळत नाही' म्हटले तर निवाडा कसा होतो?

अधोरेखित (धागालेखक)

अनेक पक्षांची रचना अराझोला, वॉल्डन आणि अँडरसन यांनी २०१६ मध्ये मांडली आणि तिच्यात निवाडा बहुमताने होतो. म्हणजे निम्म्याहून अधिक सहभागी प्रामाणिक आहेत हे गृहीत धरावे लागते. प्रत्येकाजवळ मर्यादांची एक शिडी असते : पहिल्या हाताला सर्वांत कडक, पुढच्याला थोडी सैल, त्यापुढच्याला आणखी सैल. दस्तऐवज जितक्या वेळा पुढे सरकतो तितक्या पायऱ्या खाली उतरतो आणि पायऱ्या संपल्या की तो पुढच्याला पटवून देता येत नाही. किती हातांतून तो जाणार हेही, म्हणजे, सुरुवातीलाच ठरवावे लागते. शिवाय प्रत्येक जोडीत गुप्त संपर्क लागतो. दहा जणांत ४५ जोड्या होतात आणि शंभर जणांत ४९५०. नवा सदस्य आला की त्याला जुन्या प्रत्येकाशी जोडून घ्यावे लागते आणि तो येण्यापूर्वीच्या स्वाक्षऱ्या त्याला तपासता येत नाहीत.

बेरीज_वजाबाकी

या सगळ्या चर्चेत संदेश साध्या बिटांचाच धरला आहे. उद्या क्वांटम संगणक एकमेकांना क्वांटम अवस्थाच पाठवू लागले तर त्या अवस्थांवर स्वाक्षरी करता येईल का?

अधोरेखित (धागालेखक)

करता येत नाही, आणि हे २००२ मध्येच सिद्ध झाले आहे. बार्नम, क्रेपो, गॉट्समन, स्मिथ आणि टॅप यांनी दाखवले की क्वांटम संदेशाचे प्रमाणीकरण करायचे असेल तर तो गुप्तही ठेवावा लागतो. साध्या संदेशात असे बंधन नाही. वर ७४ हा टॅग लावलेला संदेश सगळ्यांना वाचता येत होता आणि तरीही सुरक्षित होता. क्वांटम अवस्थेच्या बाबतीत वाचण्याची क्षमता आणि बदलण्याची क्षमता वेगळ्या करता येत नाहीत : जो तिच्यातून काही माहिती काढू शकतो तो तिला धक्काही लावू शकतो. स्वाक्षरीचा हेतू मात्र असा असतो की पडताळणाऱ्या प्रत्येकाला संदेश वाचता यावा आणि त्यांतल्या एकालाही तो बदलता येऊ नये. म्हणून स्वाक्षरी करणाऱ्याची सार्वजनिक किल्ली घेऊन कोणीही तपासावी अशी क्वांटम अवस्थेची स्वाक्षरी, संगणकीय अवघडपणाची अपेक्षा मान्य केली तरीही, शक्य नाही. त्यानंतरच्या संशोधनात एक आखूड पर्याय निघाला आहे : स्वाक्षरी आणि कुलूपबंदी एकत्र करून अवस्था एका ठरलेल्या स्वीकारणाऱ्याकडे पाठवायची. ती त्याला तपासता येते. तिसऱ्या कोणाला दाखवता येत नाही.